पिल्लाला कंठ फुटला

४ एप्रिल
नव्या गावातला, नव्या नोकरीतला पहिला दिवस. बसस्थानकावर उद्घोषणा करायच्या: कोणती गाडी, कोणत्या फलाटावर, किती उशिरा. खोलीही स्थानकासमोरच मिळाली, त्यामुळे जाण्यायेण्याची कटकट मिटली. ताईला फोनवर म्हटलं, लहानपणी माझ्या बडबडीनं तुझे कान किटायचे, आता त्याच बडबडीचा पगार घेणार आहे. पोट धरून हसली.

६ एप्रिल
फलाटावरच्या पत्र्याखाली एक पिल्लू सापडलं. अंगावर एकही पीस नाही, पण चोच सताड उघडी. घरटं कुठेच दिसेना. झाडझूड करणाऱ्या मावशी म्हणाल्या, राहू द्या बाई, जगायचं नाही. मी चपलांच्या खोक्यात जुना टॉवेल अंथरून घरी आणलं. पक्ष्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, गाणारा पक्षी आहे. उकडलेल्या अंड्याचा बलक भिजवून चिमट्यानं भरवा, उजाडल्यापासून मावळेपर्यंत दर अर्ध्या तासानं. चोचीत पाणी ओतू नका, गुदमरेल. आणि त्याच्याशी बोलत राहा, अशी पिल्लं ऐकूनच गाणं शिकतात. दहा-बारा दिवसांत उडेल म्हणे.

९ एप्रिल
खोकं कामावर नेते. साहेबांनी नाक मुरडलं, पण चालेल म्हणाले. दोन गाड्यांच्या मध्ये एक घास. भरवताना गुणगुणते, नाहीतर गाड्यांची यादीच म्हणून दाखवते. घास गिळला की माझ्या बोटावर मान टाकून झोपतं. माझ्यावाचून कुणाचं अडावं, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडतंय.

१५ एप्रिल
आज पिल्लाला कंठ फुटला. चिवचिव नव्हे, मी गुणगुणते तीच ओळ. मी जिथे सूर चुकते तिथे तेही चुकलं. फोनवर ताईला ऐकवलं, तर म्हणाली, "गप गं, तूच गातेयस." हसायला गेले तर खोकला आला. घसा बसलाय.

१९ एप्रिल
दोन आठवडे होत आले. पिसं अजून नाहीतच. खोकं मात्र उचलताना जड लागतं. घशाच्या डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिलं. दोष काहीच नाही म्हणाले, जरा कमी बोला.

२२ एप्रिल
दुपारच्या गाडीसाठी माइक सुरू केला, तोंड उघडलं. आवाज नाही. नुसती हवा.
आणि शेजारच्या खोक्यातून, स्वच्छ, माझ्याच आवाजात: प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. गाडी, फलाट, वेळ, सगळं बिनचूक.
साहेब दारात येऊन म्हणाले, आज आवाज छान लागलाय. मी खोक्याकडे बोट दाखवत राहिले. पिल्लाला खाऊ घाला, मग घरी जा, असं म्हणून ते गेले.

२३ एप्रिल
सकाळी खोकं बागेत, लांबच्या झाडाखाली ठेवून पळत आले. दुपारी मावशी तेच खोकं घेऊन दारात. म्हणाल्या, तुम्हीच हाक मारलीत ना मला, झाडामागून? तुम्ही काही दिसला नाहीत, म्हणून घेऊन आले.
मी मान हलवत राहिले. त्यांना वाटलं, आभार मानतेय.

२५ एप्रिल
ताईचा फोन. मी उचलला. माझ्या आधी ते बोललं. मजेत आहे, करमत नाही गं, दोन दिवस ये ना.
लगेच लिहून पाठवलं: येऊ नकोस. माझा आवाज गेलाय. बोललं ते पिल्लू होतं.
तिचं उत्तर: "आत्ताच तर बोललीस, येडे. उद्या पोचते."

२६ एप्रिल, सकाळ
भरवणं बंद केलं. दोन तास झाले. रडतंय. माझ्या आवाजात, लहानपणी तापात रडायचे तसं.
नाही भरवणार. नाही —
भरवलं.

२६ एप्रिल, दुपार
ताई आली. जिन्यातच अडवणार होते. तिनं मिठी मारली, तशीच मला आत घेऊन आली. आता खोक्यापाशी बसलीय. किती गोड आहे गं, म्हणते. माझे हातवारे तिला थट्टा वाटतात. इथेच मोठ्या अक्षरांत लिहून तिच्यासमोर धरते —

ताई, याच्यासमोर बोलू नकोस.

वाचलं तिनं. मोठ्यानं. हसत हसत.
पिल्लानं चोच तिच्याकडे वळवली.
ताईनं मला हाक मारली. पण — ताईचे ओठ मिटलेले आहेत, ती माझ्याकडे बघतेय, गळ्याला हात लावून, आणि हाक पुन्हा —