सत्कारातलं सरबत

ता. ९ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तू विचारायच्या आत सांगतो, नोकरी अजून तीच आहे. तेव्हा दाजी पैज हरले. संस्थेच्या बर्फाच्या कोठीत अंगावर दोन कोट चढवून दिवसभर पेट्या उचलतो, तोंडातून वाफ निघते. पेट्यांत बर्फाच्या लांब कांड्या असतात, उंच डोंगरांच्या पोटातून काढून आणलेल्या. आमचे कोठीवाले काका त्यांना तान्ह्या बाळासारखं जपतात आणि दार जरा उघडं राहिलं की माझा उद्धार करतात.

काल इथे मोठा समारंभ झाला. सगळ्या पृथ्वीची हवा कशी बदलत चालली आहे, ते ज्यांनी शोधून काढलं त्यांचा सत्कार. त्यात मुख्य मान आमच्या बाईंचा. या कांड्या त्यांनीच आणल्यात. ऐनवेळी कँटीनचं बर्फाचं मशीन बंद पडलं. हॉल खच्चून भरलेला, माणसं घामाघूम, मॅनेजर डोक्याला हात लावून बसलेले. पण तुझ्या भावानं वेळ मारून नेली. सगळ्यांना गारेगार सरबत मिळालं. मॅनेजरनी पाठ थोपटली, बघ! बाईंनी एक घोट घेतला, ग्लास कानाशी धरला, आणि पुढे भाषणाला उभ्या राहिल्या तर शब्द फुटेना. ग्लासाकडेच बघत राहिल्या. एवढ्या मानानं कोणीही गहिवरेल.

तुझ्या शिलाई मशीनचा पट्टा बदललास का? लोभ वाढवायला जागा नसेल तर आहे तेवढा राहू दे.

तुझा भाऊ

ता. १७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझे दाजी हार मानत नाहीत. पोराच्या पायाला चाक आहे, महिना तरी संपू दे म्हणतात. पट्टा बदलला, आता शाळेचे गणवेश हातात घेतलेत. घरभर निळं कापड झालंय, बसायला खुर्ची शोधावी लागते.

तुझं पत्र दोनदा वाचलं. काहीतरी टोचतंय, कपड्यात राहून गेलेल्या टाचणीसारखं. मशीन बंद होतं, मग बर्फ आणलास कुठून? बाजारातून आणला असतास तर उन्हात केवढी पायपीट झाली ते पानभर रंगवून लिहिलं असतंस. आणि गहिवरलेलं माणूस रुमाल शोधतं रे, ग्लासाकडे कशाला बघेल? तू वाकडं काही केलं नसशीलच. तरी लिही. मी वाट बघते.

तुझ्यावर जीव असलेली,
ताई

ता. २ मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न.

विनंती करायला तोंड नाही, म्हणून वि. वि. लिहीत नाही.

बर्फ कोठीतला होता. काका माझ्याकडे किल्ली देऊन वर खुर्च्या लावायला गेले होते. खालच्या फळीवर पिशव्यांत कांड्यांचे कापलेले तुकडे होते. मला वाटलं, तुझ्याकडे चिंध्या उरतात तशी ही काटछाट. बर्फ तो बर्फ. हातोडीनं फोडला आणि बादली भरून कँटीनला नेला. ग्लासात पडला की नुसता चुरचुरायचा, थांबायचाच नाही. पाहुणे गंमत म्हणून एकमेकांना ऐकवत होते. मीच केवढा खूश होतो!

तुला ते पहिलं पत्र टाकून आलो आणि काकांनी सांगितलं. त्या बर्फात जुनी हवा कोंडलेली असते. कारखाने नव्हते, मोटारी नव्हत्या, तेव्हाची. बर्फ वितळला की ती फुटून बाहेर पडते, तोच तो आवाज. ती हवा तपासूनच बाई सांगतात, आपण काय बिघडवलं ते. त्या चिंध्या नव्हत्या गं. उद्या कोणी शंका घेतली तर पुन्हा तपासून दाखवायला राखून ठेवलेला वाटा होता. दुसरा आणावा म्हटलं तर तो डोंगर आता बर्फ वितळून बोडका झालाय. म्हणजे बाईंच्या सत्कारात बाईंचीच मेहनत मी त्यांना साखर-लिंबू घालून पाजली.

चौकशी लागली. किल्ली काकांच्या नावावर, म्हणून त्यांना घरी बसवलंय. त्यांनी माझं नाव घेतलं नाही. निघताना नुसतं माझ्याकडे बघितलं. शिव्या घातल्या असत्या तर मला चार घास तरी गेले असते. बाई बाहेरगावी आहेत. एक मित्र बंदरावर कामाला बोलावतोय. पिशवी भरून ठेवलीय.

तुझा,
काय लिहू, भाऊच

ता. ९ मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद, हात जरा आखडता घेऊन.

बंदरावर गेलास तर तिथला पत्ता मला कळवू नकोस. रागानं नाही म्हणत. पत्र लिहायला बसले की मला ते घरी बसलेले काका दिसतील आणि तुझी खुशाली विचारायला शब्द सुचणार नाही.

तुझ्या दाजींना काही बोलले नाही. ते रोज पैजेवरून चिडवतात आणि मी हसते. हे हसणं मला फार जड जातंय रे.

ताई

ता. २३ मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

पिशवी रिकामी केली. बाई परत आल्या त्या दिवशी त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि सगळं ओकलो. वाटलं, आता कडाडतील. त्यांनी मला आत घेऊन दार लावलं आणि काकांचं पुन्हा एकदा विचारलं. काकांचं त्यांना कोणी कळवलंच नव्हतं.

मग म्हणाल्या की पहिल्या घोटालाच त्यांनी तो बर्फ ओळखला होता. ग्लास खाली ठेवा, एवढंच ओरडून सांगायचं होतं. बादलीत मोठे तुकडे होते, ते वाचले असते. पण नेमक्या टाळ्या सुरू झाल्या, पदक गळ्यात पडलं आणि त्यांचं तोंड उघडेना. बर्फ वितळून जाईपर्यंत त्या स्वतःचं कौतुक ऐकत बसल्या. एवढं सांगून त्यांनी टेबलावरचं पदक उचललं आणि खणात टाकलं. माझ्याकडे बघितलं नाही. ताई, त्यांनी मला झापलं असतं तर बरं झालं असतं. आम्ही दोघंही माना खाली घालून बसलो होतो, मास्तरांनी वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखे.

मग मला घेऊन त्या ऑफिसात गेल्या. आधी मी बोललो, नंतर त्या स्वतःबद्दल बोलल्या. काका सोमवारी कामावर आले. मला कोठीत पाऊल टाकायची बंदी आहे. आता कँटीनमध्ये ग्लास विसळतो, सरबत भरतो. जागा तीच, काम दुसरं. पैज कोण जिंकलं ते दाजींनाच ठरवू दे, पण आधी त्यांना सगळं सांग. तुला आता खोटं हसायला नको.

काका माझ्याशी बोलत नाहीत. काल दुपारी मात्र काऊंटरवर आले आणि बोटानंच सरबत मागितलं. मी बर्फ टाकला. दोघंही, काही न ठरवता, कान देऊन थांबलो. मशीनचा बर्फ एकदा तडकला आणि गप्प झाला. काकांनी ग्लास उचलला आणि निघून गेले.

लोभ असावा असं लिहायला अजून धजत नाही. पत्र मात्र येत राहू दे.

तुझा,
भिंगरी