नजर शाबूत

३ जानेवारी
संशोधन संस्थेचं पत्र आलं. वय वाढतं तसं माणसाच्या तब्येतीचं काय होतं, याचा वर्षानुवर्षं चालणारा अभ्यास आहे. त्यात माझी निवड झालीय. साहजिक आहे. सहासष्टाव्या वर्षी चष्म्याचं दुकान स्वतः चालवणारा माणूस त्यांना दुसरा कुठे मिळणार? ही म्हणाली, निवड कसली, मतदारयादीतून चिठ्ठ्या काढल्यात, तसं खाली लिहिलंय. हिला विज्ञानातलं काही कळत नाही.
होकार कळवणार. आपण शाबूत आहोत हे कुठेतरी अधिकृतपणे नोंदवलेलं बरं.
पत्र हिनेच वाचून दाखवलं. हल्ली छपाई फार फिकट करतात.

१७ जानेवारी
संशोधनवाली पोरगी घरी येऊन गेली. आवाज गोड. डोक्यावर पांढरी टोपी. लॅबमधून थेट आली असावी. तिची भीड चेपावी म्हणून मी तिला बाळ म्हटलं. लग्नाचं काय म्हणून विचारलं, तर झालंय म्हणाली. लवकरच उरकलं म्हणायचं.
प्रश्नच प्रश्न. झोप, भूक, पडणं, विसरणं. जिना चढताना दम लागतो का? म्हटलं, मला नाही, जिन्याला लागतो. हसली. मग विचारलं की वडिलांना काही आजार होता का. मी म्हटलं, काही नाही. तेवढ्यात ही स्वयंपाकघरातून मोठ्याने म्हणाली, अहो, बाबांच्या डोळ्यांचं सांगा की!
सांगावं लागलं. बाबांना काचबिंदू होता. सत्तरीच्या आत दोन्ही डोळे गेले. पुढची सगळी वर्षं खिडकीजवळच्या खुर्चीत काढली. खोलीत पाऊल वाजलं की मान वळवून विचारायचे, कोण आहे? मी असलो तरी.
पोरगीने विचारलं, मग तुम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे शेवटचे कधी गेला होता? म्हटलं, बाळ, मी त्याच धंद्यात आहे. रोज दुकानातला तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. डॉक्टरकडे पाठवायचं ते गिऱ्हाइकांना.
निघताना मी सहज विचारलं की हा अभ्यास किती वर्षं चालणार. म्हणाली, तुमच्यापुरता, तुम्ही आहात तोपर्यंत. बोलून गेल्यावर तिलाच कसंतरी झालं. मला काही वाटलं नाही.
जेवलो मात्र नाही.

२ फेब्रुवारी
सेंटरवरच्या तपासणीची तारीख आली. २६. तयारी करायचीच. उद्यापासून सकाळी चालणे. साखर बंद. एका पायावर उभं राहण्याचा सराव, कारण तेही तपासतात म्हणे.
निवृत्त शाळामास्तरीणबाई नवा चष्मा घेऊन परत आल्या. फरशी तिरकी दिसते अशी तक्रार. त्यांच्या घराची फरशीच तिरकी असणार. तसं सौम्य शब्दांत सांगितलं. रागावून गेल्या.

३ फेब्रुवारी
चालायला गेलो नाही. धुकं फार होतं. ही म्हणाली, कुठे आहे धुकं?

१२ फेब्रुवारी
एका पायावर छान उभा राहतो. कपाट धरून.
सध्या रस्त्यावरच्या दिव्यांभोवती वलयं दिसतात. दिवे बदललेत वाटतं. बाबाही वलयांबद्दल बोलायचे. पण त्यांची रंगीत होती. माझ्या वलयांना रंग आहेत का, हे मी निरखून पाहिलेलं नाही. पाहणारही नाही.
काचबिंदूत म्हणे बाजूचं दिसणं आधी जातं. म्हणून दुकानात कुणी नसलं की दोन्ही हात कानांपाशी नेऊन बोटं हलवून बघतो. निव्वळ व्यायाम म्हणून. आज शेजारचा टेलर धावत आत आला. त्याला वाटलं, मी त्यालाच बोलावतोय. मग बोलावण्याचं कारण म्हणून त्याच्याकडे एक पँट शिवायला टाकावी लागली.

२५ फेब्रुवारी
उद्या तपासणी. भीतीचा प्रश्नच नाही. पोट बिघडलंय ते साखर बंद केल्यामुळे. साखर पुन्हा चालू केली.

२६ फेब्रुवारी
लिहावंसं वाटत नाही. पण लिहितो.
सुरुवात झकास. मुठीचा जोर बरा निघाला. खुर्चीवरून हात न टेकता उठलो. एका पायावर उभा राहिलो तेव्हा तिथे कपाट नव्हतं, म्हणून पोरगीचा खांदा धरला. शब्द लक्षात ठेवण्याचा प्रकारही निभावला.
मग डोळे. खोलीत अंधार केला. समोर पडदा. ती म्हणाली, बसा आरामात, मी सांगते. मी तिला सांगायची वेळच येऊ दिली नाही. एक डोळा झाकला आणि तक्ता वरपासून खालपर्यंत घडाघडा म्हटला. शेवटची बारीक ओळसुद्धा. मग दुसरा डोळा झाकून परत.
मग ती अगदी हळू म्हणाली, सर, पडद्यावर मी अजून काही लावलेलं नाहीये.
मी म्हटलं, गंमत केली.
मग तिने लावलं. मला पडदा दिसत होता. पडदा पांढरा होता. त्यावर मुंग्यांसारखं काहीतरी होतं. तिने अक्षरं मोठी केली, आणखी मोठी केली. मी म्हटलं, दिव्याचं व्होल्टेज कमी आहे. ती म्हणाली, हो सर, तसंही असेल. पण डॉक्टरांना याच आठवड्यात दाखवा.
ती इतकं चांगलं वागली नसती तर बरं झालं असतं.

२७ फेब्रुवारी
तत्त्वाचा प्रश्न म्हणून अभ्यासातून बाहेर पडतोय. तसा फोन केला. पोरगी म्हणाली, कधीही बाहेर पडता येतं, कारण सांगावं लागत नाही. मी तरी बरीच कारणं सांगितली. तिने सगळी ऐकली आणि विचारलं, डॉक्टरांची वेळ घेतली का?
फोन ठेवला तर ही समोर उभी. म्हणाली, बसा जरा. आणि सांगितलं. मी दुपारी जेवायला घरी येतो, ही दुकानात थांबते, तेव्हा गेली दोन वर्षं ही मी बसवलेला प्रत्येक चष्मा मशीनवर तपासते. चुकला असेल तर काचा बदलून घेते. मास्तरीणबाईंचा तेवढा हिच्या हातून सुटला. मागच्या आठवड्यात बसड्रायव्हरच्या चष्म्यात मी उजवी काच डावीकडे बसवली होती.
मी विचारलं, आधी का नाही सांगितलंस? म्हणाली, काय सांगू? तुम्ही बाबांचं नाव निघालं तरी उठून जाता. मलाही भीती वाटायची. डॉक्टर काय सांगतील त्याची.
तो चष्मा घालून एक माणूस भरलेली बस चालवणार होता.
वेळ घेतली. हिनेच घेतली.

६ मार्च
डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातले. दाब मोजला. आत दिवा टाकून पाहिलं. मला बाबांची खुर्ची दिसत होती. दुसरं काही दिसत नव्हतं.
मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला. काचबिंदू नाही. मी परत विचारलं. नाही. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा डॉक्टरांनी हिच्याकडे पाहून उत्तर दिलं. म्हणाले, साधं ऑपरेशन, त्याच दिवशी घरी. इतकी वर्षं कशाला थांबलात?
थेंबांमुळे डोळ्यांतून पाणी येत होतं. रिक्षात बसल्यावरही येत होतं. थेंब फार जालीम होते.

१८ मार्च
उजव्या डोळ्याचं ऑपरेशन. रोजनिशी हिला लिहायला सांगतोय. मी अत्यंत शांत होतो. नर्सला धीर मिळावा म्हणून मी तिचा हात धरून ठेवला होता. थोड्या वेळाने सर्जन म्हणाले की तो हात त्यांचा आहे आणि त्यांना तो लागणार आहे.
(हे शेवटचं लिहू नको म्हणत होते. मी लिहिलं.)

२० मार्च
दुकानात गेलो. भिंती पांढऱ्या आहेत. मी पिवळ्या समजत होतो. मास्तरीणबाईंना निरोप पाठवून चष्मा बदलून दिला, माफी मागितली. त्या म्हणाल्या, फरशी आता सरळ झाली.
बाहेर धुकं नव्हतं.

५ एप्रिल
माघार घेतली होती ती मागे घेतली. पोरगी राहिलेले प्रश्न विचारायला आज घरी आली.
दार मी उघडलं. समोर एक पोक्त बाई. चेहऱ्यावर सुरकुत्या, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. टोपी नाही. ते केस होते. पांढरेशुभ्र. मी विचारलं, कोण आहे?
त्या म्हणाल्या, मीच, सर. आवाज तोच.
त्यांना आत घेऊन खुर्ची दिली. मी हिच्याकडे पाहिलं, ही खिडकीबाहेर पाहत होती. मी म्हटलं, मॅडम, मी तुम्हाला बाळ म्हणत होतो. म्हणाल्या, म्हणा की, आता घरी मला असं म्हणणारं कुणी राहिलं नाही. जूनमध्ये रिटायर होतेय. पुढच्या वेळी दुसरी येईल.
मग प्रश्न. झोप, भूक. तुमच्या वयाच्या इतरांच्या मानाने तुमची तब्येत कशी आहे? मी म्हणालो, इतरांसारखीच. त्यांनी खूण केली. प्रश्न संपले.
मी विचारलं, भीती वाटते का, असा प्रश्न नाही? त्यांनी यादी वरखाली पाहिली. नाही म्हणाल्या.
मी म्हणालो, वाटते. एक डोळा अजून बाकी आहे. आणि तो झाल्यावरही वाटेल.
ही येऊन माझ्या शेजारी बसली.
बाईंनी चष्मा लावला, बराच वेळ रकाना शोधला. मग म्हणाल्या, ‘इतर’मध्ये टाकते.