पप्पांचा कान

खांडबारा,
बुधवार, १५ जानेवारी २०२५

चि. लिडिया,

पप्पाचा सलाम. आम्ही दोघं बरे आहोत. थंडीत आईचा गुडघा वाजतो, तो तिच्याआधी मला ऐकू येतो. दुकान चालू आहे. मोबाइल असताना हा कागद कशाला, असं म्हणशील. फोनवर तुझा आवाज आला की मी नमतो. तू चार वर्षांची होतीस तेव्हापासून हे असंच आहे. कागदावर तुझा आवाज नाही, म्हणून कागद घेतला.

आधी धंद्याचं. तुझे सुरतेचे नवे व्हिडिओ पाहिले. ते को-ऑर्ड सेट तू फार डोक्यावर घेतलेत. वर-खाली एकाच कापडाचं, म्हणजे दवाखान्यात पेशंटला देतात तसं. तरी बाजाराच्या दिवशी दोन मुली तेच मागत आल्या आणि मी हसत हसत विकले. माझं मत माझ्यापाशी, गिऱ्हाईक गिऱ्हाइकापाशी. फाटक्या जीन्सचं तर तुला ठाऊकच आहे. मी ठिगळ लावण्यावर घर उभं केलं, भोकाचे पैसे कसे मागू? आणि त्या डिझायनरबाईंनी ‘ट्रायबल प्रिंट’ म्हणून जे लाल-काळे त्रिकोण छापलेत, ते आपल्या कुठल्या डोंगरात घालतात ते त्यांना विचार. शेजारच्या फुलीबाईला फोटो दाखवला. ती म्हणाली, “ह्यात आपण कुठल्या गावच्या म्हणे?”

फुग्याच्या बाह्यांबद्दल मात्र तुझं बरोबर आहे. बारीक मुलीला शोभतात. फक्त चुलीपाशी त्या...

ते राहू दे.

लोक विचारतात, तुझ्या चॅनलवर ‘पप्पांचा कान’चा नवा भाग का नाही. महिना होऊन गेला ना. परवा नवापूरच्या स्टँडवर एका अनोळखी माणसाने मला थांबवलं, स्वतःच्या शर्टाची बाही माझ्या कानाशी चोळली आणि म्हणाला, “सांगा काका!” टेरीकॉट होतं. मी सांगितलं. त्याने टाळी मागितली. मला हात पुढे करावासा वाटला नाही.

हा कान मला सुरतेच्या मागाने दिला. चौदा वर्षांचा असताना मी तिथे लागलो. शेडमध्ये एवढा गोंगाट असायचा की बरोबरीची पोरं तिशीत बहिरी झाली. मी कानात बोळे घालून सुट्टीत ताग्यांपाशी बसायचो. सुती कापड झटकलं की ओल्या पानासारखं बोलतं. नायलॉन सागाच्या वाळल्या पानासारखं. हाताला फसवता येतं, असं पॉलिश चढवतात की बोटांना सुतीच लागतं. कानाला नाही फसवता येत. तू उपरण्याने माझे डोळे बांधायचीस, कापड झटकायचीस, मी नाव सांगायचो. चाळीस भाग झाले आणि मी एकदाही चुकलो नाही.

एकेचाळिसाव्यात चुकलो, असं आता सगळे म्हणतात.

बन्सीलाल किराणावाला चहा घेऊन आला होता. मला समजावायला लागला, “पौलसभाऊ, वय व्हयनं आते. डॉक्टरले कान दखाडी ले. तुन्ही काय चूक शे त्यामा?” पास्टर योहान तेच म्हणाले, जरा शुद्ध मराठीत. तूही फोनवर तेच म्हणालीस: “पप्पा, ऐकण्यात चूक झाली म्हणून सांगा ना. माणूस चुकतो.” सगळ्यांनी मिळून मला एक दार उघडून दिलंय. आत शिरायचं आणि कडी लावून घ्यायची, एवढंच माझ्याकडे राहिलं आहे.

मोगराबाईचं तुला आईने सांगितलं असेल. पण आई तिथे दुकानात नव्हती, मी होतो. म्हणून ते मी लिहितो.

आठ तारखेला, दुकान उघडताच ती आणि तिचा नवरा दानियल आले. चौदा दिवस दवाखान्यात बसून तिचं लुगडं औषधाच्या वासाचं झालं होतं. बाकावर टेकली. आपल्या बोलीत बोलली, मी मराठीत लिहितो. “दादा, सुषमाचं माप आहे ना तुझ्याकडे?”

होतं. वीस डिसेंबरला ती नाताळाचा अनारकली घेऊन आली होती, एकेचाळिसाव्या भागात तू दाखवलेला तोच. लांब होत होता. मी खालून चार बोटं कापून दुमड घालून दिली. “पौलसमामा, लिडियाताईसारखी दिसते का मी?” म्हणून आरशासमोर गिरकी घेतली. गिरकी घेताना कापड वाजलं. मी मान खाली घालून सुई ओवत राहिलो. म्हणजे मी दोनदा ऐकलंय, लिडिया.

मी फळीवरून पांढरा मांजरपाट काढला. मयताचा झगा पाठीत उघडा ठेवतात, नाड्या लावतात, म्हणजे अंगावर घालायला सोपा जातो. मोगराबाईने कापडाचं टोक हातात घेतलं, चोळलं. मग माझ्यापुढे धरलं.

“हे तरी सुती आहे ना?”

दानियलने तिच्याकडे पाहिलं. तीच घाबरली. “रागाने नाही विचारत, दादा. तुझे कान थकले, माझे डोळे थकले. चूक माझीच. मी तिला म्हटलं होतं, चुलीशी बसतेस तर ड्रेस बदल. ती म्हणाली, आई, सुती आहे गं, मामाने कानाने सांगितलंय. मग मीच म्हटलं, बस.”

सुती पेटलं असतं तर फाडून फेकता आलं असतं. हे वितळलं. विझवायला तिने हात मारले तेव्हा तळव्यांना चिकटलं. हे मला डॉक्टरांनी सांगावं लागलं नाही. मला कापड माहीत आहे.

मी कापड मापून कापलं. मशीनवर बसलो. दुपारी बारापर्यंत झगा झाला. आईने नाड्या लावल्या.

आता तो भाग. मी तो सात वेळा पाहिलाय. तू कापड झटकतेस आणि मी थांबतो. आधीच्या चाळीस भागांत मी कधी थांबलो नाही. खाली लोकांनी लिहिलंय, ‘पप्पा किती विचार करतात’. मी विचार करत नव्हतो. मला पहिल्या झटक्यातच कळलं होतं. त्या थांबण्यात तू माझा हात दाबलास. मोबाइलच्या चौकटीत हात नव्हते, म्हणून ते कोणाला दिसत नाही. तो अनारकली बनवणाऱ्या कंपनीने तुला डिझायनिंगला घ्यायचं कबूल केलं होतं आणि त्यांची माणसं समोर उभी होती. दोघांच्या बुटांचा आवाज मला येत होता. मी म्हटलं, “शंभर टक्के सुती.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तू उपरणं सोडलंस तेव्हा तुझे डोळे भरले होते. मला वाटलं होतं, पोरीसाठी एवढं काय, एक शब्दच तर आहे.

काल खांडबाऱ्याच्या पलीकडून एक बाई आली. तरुण सुनेला घेऊन. “तुम्ही सांगितलेला तो सुती अनारकली द्या.” मी म्हटलं, तो सुती नाही. ती हसली. “अहो, तुम्हीच तर सांगितलंय!” मोबाइल काढून मलाच माझा चेहरा दाखवला. मी परत सांगितलं. तिला वाटलं, माल संपला म्हणून बोलतोय. दुसऱ्या दुकानात गेली.

तेव्हा ठरवलं.

रविवारी चर्चमध्ये सूचना झाल्यावर योहान मला दोन मिनिटं देणार आहेत. त्यांना वाटतंय, मी सुषमासाठी प्रार्थना सांगणार. अनारकलीची कापलेली चार बोटांची पट्टी माझ्या खणात आहे. रोज कानाशी धरतो, रोज तेच सांगते. ती घेऊन उभा राहीन. डोळे उघडे ठेवून. मोगराबाई पुढच्याच बाकावर असते. मला त्या दिवशी नीट ऐकू आलं होतं, हे तिला सर्वांसमोर सांगीन. त्यानंतर ती मला दादा म्हणेल की नाही, ते तिचं. पोलिसांत जायचं दानियलने ठरवलं तर मी त्याच्याबरोबर चालत जाईन.

तुझ्या हाताबद्दल मी बोलणार नाही. हात तू दाबलास, तोंड माझं होतं. तुझं तू बघ. पण तो भाग हे पत्र मिळताच काढून टाक, त्याची किल्ली तुझ्याकडे आहे. नोकरीचं काय होईल ते मला कळतं. तुला शिवण शिकवताना मी तुझी बोटं धरली आहेत, तेव्हा हे मी हसत लिहीत नाही.

सुरतेहून सकाळची गाडी वेळेवर आली तर चर्चच्या आधी पोहोचशील. आलीस तर पहिल्यांदा मोगराबाईकडे जा. मोबाइल घरी ठेवून जा. आई तुझं ताट झाकून ठेवणार आहे, मी नको म्हटलं तरी. तू नाही आलीस तर ते ताट कोणी उचलायचं, हे आमच्या दोघांत अजून ठरलेलं नाही.

माझे कान शाबूत आहेत, लिडिया.

त्या दिवशी बरोबर ऐकलेला,
तुझा बाप
पौलस