विसावं नाव

१४ जुलै, सोमवार
प्रवेशाच्या टेबलावर दुसरा दिवस. पाठ धरली आहे. बी.एस्सी. पहिल्या वर्षाला यंदा गणिताचे दोन कोर्स. एक नुसता ‘कॅल्क्युलस’, सिद्धतांसकट. दुसरा ‘उपयोजित कॅल्क्युलस’, म्हणजे सूत्र घ्या, वापरा, पुढे चला. केमिस्ट्री-झूलॉजीवाल्यांसाठी. पोरांचा एकच प्रश्न: मॅडम, सोपा कोणता?
चहाच्या वेळी आमचे विभागप्रमुख पाटील सर: “पहिल्या कोर्सला वीस नावं पाहिजेत. नाहीतर बंद. तुमचे तास त्याच्यातच आहेत मॅडम, लक्षात असू द्या.”
बारा वर्षं तासिका तत्त्वावर. लक्षात कसं नसेल. आज सतरा नावं.

१५ जुलै, मंगळ.
दुपारपर्यंत एकोणीस. मग मनीषा आली. अमळनेरकडच्या खेड्यातली, सोबत आई. केमिस्ट्री करायची आहे, बारावीला गणित कसंबसं निघालं. दोन्ही कोर्सची नावं वहीच्या पानावर सुबक अक्षरात लिहून आणलेली. “यातला कोणता घेऊ?”
आई म्हणाली, “तुम्हीच सांगा मॅडम. आमले काय समजस!”
विचार केला नाही. म्हणजे केला, पण तिचा नाही. “पहिला घे. पुढे उपयोगी पडतो.” तसं खोटं नाही ते. तिने उभ्याउभ्याच सही केली.
वीस. पाटील सर म्हणाले, “सुटलो बुवा.”

१९ जुलै, शनि. धुळे
बस एरंडोलच्या पुढे तासभर उभी. घरी पोचले तेव्हा अंगात त्राण नव्हतं. सासूबाईंनी शेवभाजी केली होती. प्रकाशचं नेहमीचंच: “किती वर्षं अशी जळगावला खोली करून राहणार? इकडे क्लास काढू. दगदग तरी वाचेल.” नवरा म्हणून तो चुकीचं बोलत नाही. बॅच झाली हे सांगताना माझ्याच आवाजात काही आनंद नव्हता. त्यालाही कळलं असणार. दुपारी झोपले ती पार चारपर्यंत.

२२ जुलै, मंगळ.
वर्गात छोटी चाचणी घेतली. पाचच गणितं, सगळी अकरावीची. निम्म्या वर्गाने १/(x+h) चे सरळ दोन तुकडे केले, १/x अधिक १/h. मनीषानेही. तिच्या पेपरात खोडाखोडच जास्त. एका गणितापाशी पेन्सिलीने लिहिलंय, ‘समजलं नाही, सॉरी.’
पेपर तपासताना सॉरीशी थांबले. बाकीचे उद्यावर टाकले.

२४ जुलै, गुरु.
मनीषाची आई भेटली. रेल्वेच्या पासासाठी कॉलेजचा दाखला हवा म्हणून आली होती. खिडकीशी रांग, बाई दमलेली, तरी मला बघून हसली. “पोरगी पहाटे उठीसन गणितं करस. मी सांगं, कठीण शे ते सोडी दे. तर म्हने, मॅडमनी सांगं म्हनीसन लिधं.”
मॅडमनी सांगितलं म्हणून घेतलं.
मी म्हटलं, हो, हुशार आहे. आणि स्टाफरूममध्ये जाऊन बसले. डबा उघडलाच नाही.

२५ जुलै, शुक्र.
नोटीस लागली. कोर्स बदलायचा असेल त्यांनी १ ऑगस्टपर्यंत अर्ज द्यावा. एक कोरा अर्ज उचलून पर्समध्ये ठेवला. दिवसभर काढला नाही.

२८ जुलै, सोम.
सांगून टाकलं.
तास संपल्यावर मनीषाला थांबवलं. तिला वाटलं चाचणीबद्दल बोलणार, ती आधीच सॉरी म्हणायला लागली. म्हटलं, ऐक. तुला केमिस्ट्री करायची आहे, त्याला दुसरा कोर्स पुरतो. पहिला घे म्हणाले तेव्हा मला विसावं नाव हवं होतं. नाहीतर माझे तास जात होते.
ती नुसती बॅगची चेन उघडायची, लावायची. मग: “आता दुसरा घे म्हणताय, तेही तुमच्याचसाठी का?”
नाही म्हटलं. आता तू गेलीस तर एकोणीस उरतील.
“मग आता तुमचं तरी कसं ऐकू?”
पर्समधला अर्ज हातात दिला. तो घेऊन गेली. थँक्यू म्हणाली नाही, आणि बरंच झालं.
पाटील सरांनाही सांगितलं, उगाच नंतर कळायला नको. ते चिडले नाहीत, तेच वाईट. चष्मा काढून पुसत बसले. “मॅडम, बाकीच्या एकोणीस जणांचं काय? त्यांनी हाच कोर्स मागितलाय.”
हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. खरंच नव्हतं.

२९ जुलै, मंगळ.
मनीषा माझ्या तासाला नव्हती. देशमुख मॅडम म्हणाल्या, त्यांच्या उपयोजितच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसली होती, वही उघडून. छान वाटलं की वाईट, ठरवता येईना. डोकं दुखतंय. प्रकाशला फोन करायचा होता. राहिला.

३० जुलै, बुध.
आज आली. दुसऱ्या बाकावर.
फळ्यावर अवकलनाची, म्हणजे डेरिव्हेटिव्हची, व्याख्या. h ने भागलं, छेद उडवला, शेवटी h च्या जागी शून्य. बारा वर्षं त्याच हाताने करतेय हे. मनीषा उठून उभी राहिली: “मॅडम, भागताना h शून्य नाही म्हणालात. मग शेवटी शून्य कसा टाकला?”
मागे दोघंतिघं हसले. मी म्हटलं, हसू नका, हा प्रश्न खरा आहे. खडू हातात घेतला आणि दोन मिनिटं सुरुवातच सापडेना. कितीतरी दिवसांत कुणी विचारलं नव्हतं. तेवढ्यात घंटा झाली.
बाहेर व्हरांड्यात ती थांबलेली.
“याचं उत्तर कोणत्या कोर्सात आहे?”
“याच कोर्सात. पण यायला तीन आठवडे लागतील. तिथवर पोचणं तुला जड जाईल, खोटं सांगत नाही.”
“आणि त्या दुसऱ्यात?”
“तिथे हा प्रश्न विचारत नाहीत. तिथे पास होशील, चांगल्या मार्कांनी.”
मान हलवली. कोणत्या वाक्याला, कळलं नाही. अर्ज तिच्या वहीत होता, वरचं टोक बाहेर आलेलं. तिथे फक्त तिचं नाव लिहिलेलं, खाली सगळं कोरं. म्हणाली, “माझी गाडी आहे,” आणि जिना उतरून गेली.
परवा शुक्रवार, १ ऑगस्ट. पाच वाजता ऑफिस बंद.