दाजींचा जबाब

स्टुटगार्ट, ३ एप्रिल २०२६
उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे)

प्रिय सरिताताई,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

आम्ही इकडे बरे आहोत. ऊर्मिलाची शिफ्ट बदलली, त्यामुळे रविवार मोकळा मिळतो. आज सगळं बंद आहे, रस्त्यावर चिटपाखरू नाही. उपासनेत नगरचं गाणं फार आठवलं. इथे लोक पुटपुटल्यासारखे गातात. तू पहिल्या बाकावरून सगळ्यांच्या आधी सूर लावायचीस. मला पुन्हा तुझ्या मागच्या बाकावर बसायचंय, ताई. नऊ वर्षं झाली.

दरवेळी तू विचारतेस, "नाताळला येतोस ना?" मी म्हणतो, सुट्टी नाही. सुट्टी असते.

मुक्ताचं यंदा चर्चमध्ये दृढीकरण आहे, त्याचे वर्ग चालू आहेत. पाळकबाईंनी मुलांना घरी विचारायला सांगितलं होतं, तुमच्यासाठी कुणी कधी स्वतःचं काही दिलंय का? मुक्ताने नेहमीप्रमाणे जर्मनमध्ये विचारलं. लॅपटॉपवरून मान न उचलता मी म्हणालो, "नाही गं, कुणी नाही." काल तिची वही टेबलावर उघडी होती. गोल अक्षरात लिहिलं होतं, "पापा: नीमांड." कुणी नाही.

मी बाथरूममध्ये गेलो, नळ सोडला आणि रडलो.

ताई, अपघाताच्या दिवशी संगमनेरहून येताना गाडी मी चालवत होतो. दाजी शेजारी होते. दोनदा म्हणाले, "प्रताप, सावकाश." वासुदेवकाका सायकल हातात धरून कडेने चालले होते. मला दिसलेच नाहीत.

हवालदार दवाखान्यात जबाब घ्यायला आले, तेव्हा दाजींनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि सांगितलं, "गाडी मी चालवत होतो." माझा व्हिसा आठवड्यावर आला होता. मी खाटेशी उभा होतो, आणि गप्प राहिलो. तिसऱ्या दिवशी ते गेले. लोक तुझ्यासमोर बोलायचे, मास्तरांच्या बेफिकिरीने एका गरिबाचा पाय गेला. तू मान खाली घालून ऐकायचीस. मी तुझ्या शेजारीच बसलेला असायचो.

कुणीतरी आपल्या जागी मेला, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मी ते घडाघडा म्हणायचो. खरंच कुणी आपल्या जागी मेलं, की त्याच्या बायकोला तोंड दाखवता येत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. न्यायाच्या दिवसाचं मला तेवढं भय वाटत नाही. तुझ्या दाराचं वाटतं.

क्षमा माग असं मन म्हणतं, हात लिहीत नाही.

तुझा,
प्रताप


नगर, २० एप्रिल

प्रिय प्रताप,

सलाम. पत्र मिळालं.

मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी हे मला म्हणाले, "मी काही आता वाचत नाही. पोराला जाऊ दे. तो स्वतः सांगेपर्यंत तू विचारू नकोस." मी शब्द दिला. तो पाळताना तुझा किती राग केला, ते प्रभूलाच ठाऊक. प्रभुभोजनाला मी दोनदा पुढे गेले आणि भाकर न घेता माघारी आले. फोनवर तू हवापाण्याचं विचारायचास, आणि मला वाटायचं, आता बोलेल.

तुला केव्हाच क्षमा केली असं लिहिलं तर खोटं होईल. काही दिवस केली, काही दिवस परत घेतली. हे पत्र आल्यापासून परत घेतलेली नाही.

पण एक ऐक. वासुदेवकाका दरवर्षी ह्यांच्या कबरीपाशी कुबड्यांवर येतात. फुलं ठेवतात आणि मोठ्याने म्हणतात, "मास्तर, माझ्या मनात काही नाही हो." मी बाजूला उभी असते. इतक्या वर्षांत मला त्यांच्याकडे बघवलेलं नाही. ती माफी ह्यांची नव्हे, प्रताप. ती तुझी आहे. तुझ्या नावाने ते देतील की नाही, मला सांगता येत नाही. तरी विचारायला तूच यायला हवंस.

मी बरोबर येईन. पोलिसांकडे जावं लागलं तर तिथेही येईन. बोलायचं मात्र तू. नाताळपर्यंत थांबू नकोस, काका आता फार थकलेत. मीही.

रागावलेली आणि तुझी वाट बघणारी,
ताई