टेबल कुठल्या भिंतीला?

७ जून १९९९, सोम. पेण

लॅपटॉप आला घरात. रोह्यापासून मांडीवर घेऊन आले. गाडीत समोरची बाई विचारते, "पेटी हाय का गो बाजाची?" म्हटलं, व्हय. कोण समजावत बसणार.

साहेबांचं बोलणं डोक्यातून जात नाही. "मान दुखते तर रोज पेण-रोहा करू नका. पावसाळाभर घरून काम करा. कामगारांसाठीच्या सगळ्या सुरक्षा सूचना मराठीत करून टाईप करायच्या. गणपतीपर्यंत नीट झालं तर पुढेही घरूनच देऊ. नाही झालं तर..."

तर-च्या पुढे स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज आहे, हे रोह्याजवळच्या धाटावच्या ऑफिसात शिपायालासुद्धा ठाऊक. डॉक्टर तर म्हणतात टायपिंगच सोडा. सोडून काय करू? दादाच्या कारखान्यात गणपतींचे मुकुट सोनेरी करत बसू? दोन्ही भावंडं मातीत?

लॅपटॉप सध्या पलंगावर. मी खाली. झोप नाही.

९ जून, बुध.

मागच्या खोलीत बसायचं ठरलं. माझी खोली म्हणतात तिला. म्हणजे मी तिथे झोपते म्हणून. आषाढ लागला की तिथे फळ्या लागतात, कच्चे गणपती वाळायला येतात आणि मी अंथरूण घेऊन पडवीत. मी परकरात होते तेव्हापासून असंच. कोणी विचारत नाही, मी सांगत नाही.

आज मांडी घालून बसले, समोर पाट, पाटावर लॅपटॉप. या घरात सगळे असेच कामाला बसत आले. दुपारपर्यंत पायांना मुंग्या, मान जड, उजव्या हाताची बोटं बधिर. एक पान झालं जेमतेम.

साहेबांनी एक छापील कागद दिलाय, नीट कसं बसावं त्याचा. त्यावर टायवाला माणूस. कोपर काटकोनात, गुडघा काटकोनात, पडदा डोळ्यांसमोर. त्याच्या मागे भिंत नाही, दार नाही, वहिनी नाही. त्याला काय जातंय ताठ बसायला.

१४ जून, सोम.

आईच्या शिलाई मशीनचं डोकं उतरवलं. वर फळी टाकली. टेबल. आईनं पाहिलं असतं तर आधी ओरडली असती, मग स्वतःच फळी पुसून दिली असती.

खुर्ची बुटकी. गोधडीची घडी टाकली. तर पाय लोंबकळायला लागले. खालच्या जाळीवर टेकवले तर ती हलते, विचार करता करता पाय आपोआप चालतात, चाक फिरतं, टेबल थरथरतं. म्हणून जाळी सुतळीनं बांधली आणि वर अंगणातला एक फुटका साचा ठेवला, पायाखाली. बरोब्बर उंची!

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन. "वन्सं! गणपतीच्या साच्यावर पाय?"

"फुटकाय तो. अन् देव कुठाय त्यात अजून?"

"नसूं दे. काढा पाय आधी."

हमरापूरची आहे ती. माहेरीही गणपती, सासरीही गणपती. साचा पदरानं पुसून घेऊन गेली. मग स्वतःच दोन विटा आणून ठेवल्या, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून. उंची साच्याइतकी बरोबर नाही. पण पाय ठेवले.

१८ जून, शुक्र.

आज दादा आला खोलीत. टेबलाभोवती फिरला, मूर्तीभोवती फिरतो तसा.

"अशी काय बसलीस? उजेड पाठीमागनं पायजे. डाव्या खांद्यावरनं. बाबा जन्मभर तसेच बसले."

ते खरंच. कारखान्यात कारागिराची पाठ खिडकीकडे, मूर्तीचं तोंड उजेडाकडे. त्याशिवाय रंग कळत नाही, डोळा काढता येत नाही. लहानपणी मी उजेडात उभी राहिले की बाबा खेकसायचे.

दादानं एकट्यानं टेबल फिरवलं. खिडकी माझ्या पाठीशी. कमी पडेल म्हणून पाठीमागच्या खिळ्याला एक मोठा बल्बही टांगला. वायर आणायला बाजारात जाऊन आला. या खोलीत माझ्यासाठी त्यानं पहिल्यांदा काहीतरी केलं. इतकं बरं वाटलं की रडूच आलं असतं. तो असेपर्यंत टाईप करत बसले, उगीचच.

२४ जून, गुरु.

मान वाईट. आधी डावीकडे दुखायची, आता उजवीकडे. कशामुळे? बसणं तर अगदी कागदातल्यासारखं आहे. पडद्यावर अक्षरं कमी आणि मीच जास्त. माझा चेहरा, मागची खिडकी, त्यात बल्ब. वाकडं होऊन बघितलं की अक्षरं दिसतात. वय झालं. चष्म्याचा नंबरही वाढला असणार.

डॉक्टरांनी गळ्याचा पट्टा दिला. आरशात बघितलं. शोकेसमधला पुतळा. हसू आलं आणि मग भीती वाटली. खूप भीती वाटली. बोटं बरी झालीच नाहीत तर?

वहिनी भाकरीचा तुकडा मोडून पुढ्यात ठेवते. नको म्हणवत नाही.

२८ जून, सोम. रोहा

पहिली पानं घेऊन धाटावला. पट्टा काढून पर्समध्ये ठेवला होता, तरी मान वळली नाही आणि साहेबांना कळलंच.

पानं वाचता वाचता थांबले. "मॅडम, इथे एक ओळ कमी आहे."

मूळ कागदाशी लावून बघितलं. टाकी उघडण्याच्या सूचना. 'मास्क लावल्याशिवाय झाकणाजवळ जाऊ नये' ही ओळच नाही. वरची आहे, खालची आहे. मधली मी खाल्ली.

रागावले नाहीत. रागावले असते तर बरं. "जमत नसेल तर संकोच करू नका," म्हणाले.

इतक्या वर्षांत स्वल्पविराम चुकला नव्हता माझा. आणि चुकली ती ही ओळ. शिफ्ट सुटली होती, पोरं बसला लोंबकळून हसत-खिदळत चालली होती. त्यांच्याकडे बघवेना.

२ जुलै, शुक्र.

लिहायला हवं आत्ताच.

अकरा वाजता लाईट गेली. वर आभाळ इतकं भरलेलं की खोलीत काळोख. मागचा बल्ब गेला, पडद्यातली खिडकी गेली. आणि पडदा! लॅपटॉप बॅटरीवर चालूच होता. एकेक अक्षर टपोरं. काना, मात्रा, वेलांटी सगळं. मान आपोआप सरळ झाली. मी सरळ केली नाही, तिची ती झाली.

ठार वेडे आम्ही. मूर्तीला उजेड द्यावा लागतो. हा डबा आपला उजेड घेऊन येतो! त्याच्यावर पाठीमागून उजेड पाडला की त्याचा आरसा होतो. मी पंधरा दिवस आरशात बघून सूचना टाईप केल्या. त्या मास्कच्या ओळीवर बल्ब पडलेला असणार, दुसरं काय. मोठ्यानं हसत सुटले. वहिनी धावत आली, तिला वाटलं शॉक बसला.

बॅटरी संपेपर्यंत काम केलं. दुखलं नाही.

म्हणजे टेबल फिरवायला हवं. खिडकी बाजूला, डाव्या हाताला. म्हणजे लांब भिंतीला लावायला हवं.

लांब भिंतीला दादाच्या सगळ्यात मोठ्या फळ्या लागतात.

५ जुलै, सोम.

दादा मातीसाठी बाहेर होता, तेवढ्यात मी आणि वहिनीनं टेबल फिरवलं. ती एका बाजूला धरून, "यांना काय सांगायचं पण?" म्हटलं, बघू.

साहेबांकडे ऑफिसातला एक सुटा कीबोर्ड मागितला होता. संकोच केला नाही! बसच्या ड्रायव्हरजवळ पाठवून दिला त्यांनी. आता लॅपटॉप दोन पाटांवर चढवलाय, पडदा डोळ्यांसमोर. कीबोर्ड खाली, कोपराच्या उंचीला. पाय विटांवर. टायवाल्या माणसाशी पहिल्यांदाच पटलं.

दिवसभरात चार पानं. प्रत्येक ओळ बोट ठेवून मूळ कागदाशी लावली. बोटांना मुंग्या आल्या, पण उशिरा. पट्टा खुंटीला.

१४ जुलै, बुध.

आषाढ लागला. यंदा अधिक महिन्यामुळे उशिरा, तेवढीच सवलत. जेवतानाच माहीत होतं काय होणार ते.

दादा दारात. खांद्यावर फळ्या. "वसू, टेबल काढ गो. उद्या माल येतोय वाळायला."

"बाकीच्या भिंती घे. ही नको."

"म्हंजे?"

"म्हणजे माझं काम आहे इथे. इथेच जमतंय."

"अन् आमचं काय हाय मग? खेळ? माल ठेवू कुठं, तुझ्या डोक्यावर?" मग त्याचं टेबलाकडे लक्ष गेलं. "हे फिरवलं कोनी?"

"मी."

"मी लावून दिलंवतं ते," म्हणाला. तशाच फळ्या घेऊन गेला.

जिंकले वाटायला हवं. पण काहीच टाईप झालं नाही. आयुष्यात पहिल्यांदा नको म्हटलं आणि तेही त्याला.

१७ जुलै, शनि.

दादा बोलत नाही. माझ्याशी नाही, आणि बाकीच्या भिंतींनाही हात लावला नाही. सगळा माल पडवीत. वहिनी मधल्या मध्ये. "वन्संना विचारा चहा घेणार का," दादाला म्हणते. मी दोन हातांवर बसलेली असते.

समजावायला हवं होतं. पडदा, उजेड, आरसा. पण कसं सांगू? बाबा चुकीचं बसत होते असं त्याला ऐकू येणार. बाबा अजिबात चुकत नव्हते.

२२ जुलै, गुरु.

पाऊस थांबत नाही. पडवीत ओल चढली. सकाळी बघते तर तीन मूर्तींचे हात मऊ होऊन गळालेले. दादा त्यांच्यासमोर उकिडवा. बोटानं एक मनगट वर धरून.

मीच एकेक उचलून आत आणायला लागले. पहिल्या दोन आणल्यावर तोही उठला. फळ्या लावल्या आम्ही, दाराच्या भिंतीला, समोरच्या भिंतीला, खिडकीखाली. लांब भिंतीला त्यानं हात लावला नाही. मीही 'लाव' म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं का? माहीत नाही. रात्री पलंग बाहेर, मी पडवीत, टेबल आत. म्हणजे खोली माझी झाली नाही. टेबलाची झाली.

१६ ऑगस्ट, सोम.

आखणी सुरू, मूर्तींचे डोळे-भुवया रेखायच्या. डोळे काढायचं काम दादा दुसऱ्या कोणाला देत नाही. पडवीत काळोख, म्हणून इथेच खाली बसतो, खिडकीकडे पाठ करून, मूर्ती पाटावर. मी टेबलाशी, खिडकी डावीकडे. एकाच खिडकीचा उजेड, दोघांना दोन तऱ्हांनी.

आज दाखवलं त्याला. लॅपटॉप त्याच्या जागेवर नेला, तोंड खिडकीकडे. "वाच." वाकडा झाला, डोळे बारीक केले. "नाय दिसत. मीच दिसतोय." मग माझ्या टेबलावर ठेवला. वाचलं त्यानं. 'मास्क लावल्याशिवाय.' "हां," म्हणाला. तेवढंच. पण बल्ब काढून घेऊन गेला, पडवीत लावायला.

तो डोळा काढतो तेव्हा श्वास धरतो. मी तेवढा वेळ कळ दाबत नाही. डोळा झाला की तो मान मोडतो, कडकड आवाज येतो.

"तुझीपण?"

"बाबांचीपण वाजायची. तू ल्हान होतीस."

हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. डोळ्यांत पाणीच आलं.

२० ऑगस्ट, शुक्र.

जेवून आले तर दादा माझ्या खुर्चीवर! मूर्ती टेबलावर, टेबल वळवलेलं, आणि लॅपटॉप खाली पाटावर. "बघतोय जरा," म्हणाला. चेहरा चोरी पकडल्यासारखा.

मी खाली मांडी घातली. एक पान रेटलं. मान बोलायला लागली तसं उठवलं त्याला. "दहा मिन्टं गो अजून." दिली. नंतर टेबल त्यानंच होतं तिथे लावलं, खिडकी डाव्या हाताला. मला सांगावं लागलं नाही.

७ सप्टें., मंगळ. रोहा

काम पुरं. सगळं देऊन आले. साहेबांनी चार ठिकाणी उघडून मुळाशी लावून बघितलं. एकही ओळ गेलेली नाही. "छान झालंय. पुढचं मुंबई ऑफिसला विचारावं लागेल. गणपती होऊ द्या." होयही नाही, नाहीही नाही.

गेटाजवळ पहिली पानं चिकटवलीत, दुरुस्त केलेली. शिफ्टला आलेला एक जण डबा काखेत धरून बोट ठेवून वाचत होता. मधल्या ओळीपाशी आला, पुढे गेला, परत मागे आला. पुन्हा वाचली. मी तिथे उभी राहिले उगाच. बस चुकली.

१९ सप्टें., रवि. पेण

पाच दिवसांचे गेले. आपलेही गेले. घर एकदम मोठं झाल्यासारखं. फळ्यांवर नुसते गोल डाग.

कंपनीतून निरोप आलाय, उद्या साडेदहाला भेटा. बरा की वाईट, शिपायालाही माहीत नाही. शिपायाला माहीत नाही म्हणजे खरंच कोणाला माहीत नाही. सकाळपासून तीनदा पट्टा गळ्यात घातला, तीनदा काढला. हात ठीक आहे. मान बरीचशी. पण रोजची गाडी पुन्हा सुरू झाली तर किती दिवस टिकेल, सांगता येत नाही.

दुपारी दादा फळ्या उतरवायला आला. दर वर्षी उतरवतो, घडवंचीमागे उभ्या करतो. उतरवल्या. मग गेला नाही. दोरीनं लांब भिंत मापली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. म्हणजे पुढच्या वर्षी ही पण फळ्यांना.

"खुर्चीवर बस," म्हणाला.

"कशाला?"

"बस गो. गोधडी काढून बस. सरळ."

बसले. त्यानं काठी जमिनीवर उभी धरली माझ्या बाजूला, मूर्तीची उंची घेताना धरतो तशी, आणि एक डोळा मिटून माझ्या डोळ्याशी खडूची खूण केली. मग कोपराशी एक. मग खाली वाकून गुडघ्याशी.

"उद्या काय सांगतात ते तरी कळू दे," मी म्हटलं.

"सांगूं देत," म्हणाला, आणि काठी घेऊन कारखान्यात गेला.