अण्णांनी टॉप टाकला नाही

मंगळवार, संध्याकाळ

अण्णांच्या गाडीवर मागे बसून आले, तेव्हापासून कशात मन लागत नाही. भवानी पेठेतून निघून अक्कलकोट रस्ता मोकळा मिळाला, तरी त्यांनी टॉप गिअर टाकलाच नाही. तिसऱ्यावर इंजिन नुसतं किंचाळत होतं.

मला गाडी शिकवली त्यांनीच. मी स्पीडच्या काट्याकडे बघून गिअर बदलायचे, तेव्हा चिडायचे. "काटा कशाला बघती? इंजिन सांगतंय की. कान दे." तेच अण्णा. विसरले असतील? दमले असतील? मागचा ट्रक सारखा हॉर्न देत होता, तरी बाजूला झाले नाहीत. शेवटी त्यांच्या खांद्यावर थोपटून मी ओरडले, "टॉप टाका."

त्यांनी गाडी कडेला घेऊन थांबवली. "हितं उतरायचं हाय का?"

ते किंचाळणं अजून कानात आहे. उद्या आईला मागे बसवून अक्कलकोटला निघणार आहेत. आईला सांगू? चावी लपवू?

घरी आल्यावर गाडी पुसत म्हणाले, "सर्व्हिसिंग केल्यापासून लई शांत पळती, न्हाय?"

मी हो म्हटलं. ते माझ्या ओठांकडे बघत होते. कधीपासून बघतात असं?